सहा हजारांत संपलेले टायर

१

मागचा डावा टायर चाकावरून उतरवून वर्कशॉपच्या फरशीवर आडवा टाकला, आणि गाडीचा ड्रायव्हर भाऊ जवळ सरकला.

टायरची बाहेरची बाजू नव्यासारखी होती. खाचा खोल, रबर काळंभोर. आतल्या कडेला मात्र रबर नावालाही उरलं नव्हतं. चार बोटं रुंद पट्टा पार खरवडून निघाला होता, त्यातून पोलादी तारा केसांसारख्या बाहेर आल्या होत्या, आणि त्याच पट्ट्यात हात जाईल एवढी फाट होती. उजवा टायर फुटला नव्हता, पण त्याचीही आतली कड तशीच उघडी पडली होती.

"हे टायर किती चाललेत?" विमा कंपनीच्या सर्वेअरने विचारलं. बुटका, नीटनेटका माणूस. खिशाला शाईचं पेन, आणि बोलताना समोरच्याकडे बघायची सवय नाही.

"पाच महिने साहेब. सहा हजार किलोमीटर," भाऊ म्हणाला.

"सहा हजारांत तार?" सर्वेअरने पहिल्यांदा मान वर केली. "या जातीच्या पळणाऱ्या गाड्यांचं रबर मऊ असतं, कबूल. रस्त्याला चिकटतं म्हणून लवकर झिजतं. तरी समजून चालवली तर मागचे टायर वीस-पंचवीस हजार जातात. सहा हजारांत संपवायचे तर माणसाला मेहनत घ्यावी लागते."

"तेच मी म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, गाडीचे मालक. मंगळवारपासून ते भाऊशी एक शब्दही सरळ बोलले नव्हते. जे बोलायचं ते भाऊच्या डोक्यावरून. "माझ्या पाठीमागे गाडी पळवली जात होती. आणि त्याची किंमत माझ्या आईने भरली."

मंगळवारी भाऊ डॉक्टरांच्या आईला, म्हणजे आजींना, बहिणीकडून घरी आणत होता. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर मागे धाडकन आवाज झाला, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि नाकाने भिंतीवर गेली. भाऊला खरचटलंही नाही. मागे बसलेल्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं. वेग चाळीस होता, हे भाऊ तीन दिवस सगळ्यांना सांगत होता. सांगून सांगून आता त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

"मार पुढे लागलाय," सर्वेअर वहीत लिहीत म्हणाला. "मागचा भाग शाबूत. मागची चाकं आत्ताच मशिनवर घेतली, दोन्ही सरळ आहेत. म्हणजे गाडीचा दोष नाही. राहिला चालवणारा. नाहीतर टायर विकणारा." त्याने पेनाला टोपण लावलं. "सोमवारी अकरा वाजता मी लेखी जबाब घेईन."

"आणि सोमवारी बारा वाजता मी पोलिसांत तक्रार देईन," डॉक्टर म्हणाले. "अशा माणसाच्या हातात लायसन्स राहता कामा नये."

बावीस वर्षांचं लायसन्स. त्यावर आजवर एक शेरा नव्हता. भाऊला दुसरं काही येत नव्हतं, आणि त्याच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. लायसन्स गेलं तर सगळंच गेलं. लायसन्स वाचायचं तर टायर विकणाऱ्याकडे बोट दाखवायला हवं.

आणि टायर विकणारी होती त्याच्या बायकोची सख्खी मामी.

२

मामीचं दुकान म्हणजे एक लांबट शेड, भिंतीला टायरांच्या उतरंडी आणि दारात हवेचा पंप. मामा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणूस टायरच्या धंद्यात काय करणार. त्याला एकोणीस वर्षं झाली. म्हणणारे आता तिच्याकडेच टायर घेत होते.

भाऊने सगळं सांगितलं. मामी पोत्यावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"जावईबापू, खरं सांगा. पळवली का गाडी?"

"मामी, तुम्हीसुद्धा?"

"मीच विचारणार. सोमवारी परका विचारील त्यापेक्षा आज घरचं बरं."

"नाही पळवली. पोरांची शपथ."

"शपथा नकोत, माझं डोकं दुखतं." मामी उठली. "फिटर! पाच महिन्यांपूर्वीची ती पांढऱ्या गाडीची चिठ्ठी काढ."

फिटर पन्नाशीचा, काटकुळा माणूस. मामाच्या हाताखाली शिकलेला. चिठ्ठी शोधताना त्याचे हात कापत होते, आणि ते बघून भाऊच्या मनात नको ती शंका आली. याने काही घोळ घातला असला तर? जुना माल नवा म्हणून बसवला असला तर? मग आपण सुटलो. मनात हे आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"माझ्याकडे असं बघू नका हो भाऊ," फिटर म्हणाला. "मी बसवलेलं चाक आणि माझ्या आईने लावलेलं विरजण, दोन्ही आजवर बिघडलेलं नाही."

"हात का कापतायत मग?"

"बिघडलेलं नाही, पण हे पहिलंच असलं तर?"

चिठ्ठी सापडली. टायर बसवले त्या दिवशी चारही चाकांची अलाइनमेंट केली होती, म्हणजे मशिनवर घेऊन चाकं सरळ केली होती. मशिनने छापलेले आकडे चोख होते. टायरवर कारखान्याचे चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या साली तो बनला हे सांगणारे. तेही चिठ्ठीवर उतरवून घेतले होते. मामी चिठ्ठी घेऊन भाऊबरोबर वर्कशॉपला गेली.

टायरवरचे आकडे चिठ्ठीशी जुळले. म्हणजे टायर तेच होते, कोणी बदलले नव्हते, आणि जुनेही नव्हते. भाऊची उरलीसुरली आशा तिथेच संपली.

मामीने पदराला हात पुसला आणि उजव्या टायरवरून, जिथे बाहेरचं रबर शिल्लक होतं तिथून, तळवा आतल्या बाजूला फिरवला. मग उलटा, आतून बाहेर. पुन्हा एकदा.

"तुम्ही फिरवा," ती म्हणाली.

भाऊने फिरवला. एका दिशेने रबर गुळगुळीत लागलं. दुसऱ्या दिशेने करवतीचे दात लागावेत तसं हाताला खरखरलं.

"याला काय म्हणायचं?"

"हा टायर पळून झिजलेला नाही. जोरात पळवणाऱ्याचे टायर मी चिक्कार बघितलेत. जागेवर चाकं फिरवून रबर जाळणाऱ्याचा पट्टा सगळा सपाट होतो. वळणावर मस्ती करणाऱ्याच्या बाहेरच्या कडा गोल होतात. हवा जास्त भरली तर मधला भाग जातो, कमी भरली तर दोन्ही कडा जातात. हा फक्त आतून गेलाय. चाक वाकडं उभं होतं आणि रस्त्यावर तिरकं फरफटत होतं. हळू चालवली असती तरी हेच झालं असतं."

"पण मशिन म्हणतं चाक सरळ आहे."

"आज सरळ आहे." मामीने फळ्यांवर उचललेल्या गाडीखाली मान घातली. गाडीच्या पोटाला चिखल आणि धूळ थापलेली होती. मागच्या चाकांपाशी मात्र काही नट अगदी लख्ख चकाकत होते, धुऊनपुसून ठेवलेल्या भांड्यांसारखे. मामीने चिमटीत काहीतरी पकडलं, रुमालात बांधलं आणि कमरेला खोचलं.

"बसवले तेव्हा सरळ. आज सरळ. मधे पाच महिने वाकडं," ती बाहेर येऊन म्हणाली. "जावईबापू, ही गाडी कोणीतरी वाकडी केली होती. आणि अपघातानंतर कोणीतरी घाईघाईने सरळ केलीय."

३

त्या रात्री घरात भाऊ जेवला नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं. सकाळी तो दुकानात आला तेव्हा मामी पंपापाशी उभी होती.

"रोज सकाळी टायर बघायचात का?"

"रोज! एक दिवस चुकवला नाही."

"कसे बघायचात? दाखवा."

दारात एक गाडी उभी होती. भाऊ तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. खिशातून नाणं काढून त्याने बाहेरच्या खाचेत घातलं, किती बुडतं ते बघितलं, मग टायरवर थाप मारून उठला.

"आणि आतून?"

भाऊने चाकाकडे बघितलं. रुंद टायर, वर मडगार्डचं झाकण. आतली कड बघायची तर जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकायला हवं. बावीस वर्षांत त्याने तसं कधी केलं नव्हतं. त्याच्या ओळखीतल्या एकाही ड्रायव्हरने केलं नव्हतं. बाहेरून ठीक म्हणजे सगळं ठीक.

"आतून नाही बघितलं," तो हळू म्हणाला. बाकी कोणी काही केलं असो, रोज सकाळी तारा बाहेर येत होत्या आणि तो बाहेरून थाप मारून आजींसाठी दार उघडत होता.

मामीने त्याचा चेहरा बघितला. "ते नंतर. आधी हे सांगा, गाडी तुमच्या हातात नव्हती असे दिवस किती?"

"रविवारी माझी सुट्टी. डॉक्टर स्वतः चालवतात, स्वतःच गाडीचं काही ना काही करत बसतात. तेल बदल, मेणाने पुस. हातमोजे घालून हो, हाताला डाग लागू देत नाहीत."

"आणि सलग?"

"टायर बसवल्यावर पंधरा दिवसांनी मी तीन दिवस रजेवर होतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"त्या तीन दिवसांत घरी कोण आलं-गेलं?"

"डॉक्टरांचा मेहुणा आला होता म्हणे. त्यांचा वाढदिवस होता ना." भाऊ थांबला. "त्याच्याकडेही अशीच गाडी आहे, लाल. तो तिला घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जातो."

"आणि अपघातानंतर गाडी कुठे होती?"

"मंगळवारी टोइंगवाल्याने डॉक्टरांच्या घरी सोडली, त्यांच्या गॅरेजात. वर्कशॉपला आली ती गुरुवारी."

"मोडलेली गाडी दोन दिवस घरी कशाला ठेवतात?" मामी म्हणाली. "लोणचं घालायला?"

भाऊला हसू आलं नाही. ते दोन दिवस बंद असलेलं गॅरेजचं शटर त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

४

आजी दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. पायाला वजन बांधलेलं, तरी केस विंचरून नीट बसवलेले. भाऊ दारातच घुटमळला. त्याला वाटलं, या आता तोंड फिरवतील.

"आत ये रे, दारात काय चोरासारखा उभा?" आजी म्हणाल्या. "या कोण?"

"बायकोची मामी. टायरचं दुकान आहे यांचं."

"अगं बाई! मग तुमच्यामुळे मी पडले की याच्यामुळे, ते ठरवायला आलात का?"

"ठरवायलाच आले," मामी म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "मंगळवारी गाडी जोरात होती का हो?"

"छे! याच्या गाडीत मला झोप लागते. मी मुलाला सांगितलं तसं. तो म्हणाला, आई, तुला वेग कळत नाही." आजींनी नाक मुरडलं. "म्हातारीला सगळं कळतं, फक्त विचारत कोणी नाही."

"मी विचारते. गेल्या पाच महिन्यांत गाडीत काही बदललेलं जाणवलं?"

"गाडीत नाही हो, माझ्यात बदललं. गुडघे गेले. पूर्वी दारातल्या पायरीवरून मागच्या सीटवर नुसती सरकून बसायचे. आता विहिरीत उतरल्यासारखं खाली जावं लागतं, आणि उठताना याला दोन्ही हात द्यावे लागतात. मुलगा म्हणाला, गोळ्या वाढवू. वाढवल्या."

मामी जराशी पुढे झुकली. "हे कधीपासून?"

"याच्या आईच्या डोळ्याचं झालं ना, तेव्हापासून. हा रजेवर होता म्हणून मला न्यायला मुलगा आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी सीटवर धपकन आदळले. तो हसला."

भाऊच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. त्याच सुमारास सोसायटीच्या दारातल्या गतिरोधकाला गाडीचं शेपूट खरडायला लागलं होतं. तेव्हा त्याने गतिरोधक नवा घातला म्हणून वॉचमनशी भांडण काढलं होतं. वॉचमन बिचारा सांगत होता, नवा नाही, तोच आहे.

बाहेर आल्यावर मामी जिन्यातच थांबली.

"आजींच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. गाडीचं मागचं अंग खाली बसवलं होतं. तरणीताठी पोरं आखूड स्प्रिंगा घालतात, गाडी रस्त्याला चिकटलेली दिसावी म्हणून. दिसते झोकदार. पण मागून गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात, बुडाला फाकतात, आणि आतल्या कडेवर चालायला लागतात. स्प्रिंगा बदलल्यावर अलाइनमेंट नव्याने केली नाही तर टायरचा मुडदा पडतो. बाहेरून मात्र दिसत नाही."

"म्हणजे मेहुणा!" भाऊ म्हणाला. "मामी, आत्ताच्या आत्ता जाऊ. उद्या रविवार, परवा सोमवार."

५

मेहुण्याची लाल गाडी त्याच्या गॅरेजात जमिनीला टेकल्यासारखी उभी होती. मेहुणा तिशीचा, मोकळाढाकळा. मामीने टायरचं दुकान सांगताच तो खूश झाला, दहा मिनिटं स्वतःच्या टायरांबद्दल बोलत राहिला. ट्रॅकवर तापले की कसे मऊ होतात, एका दिवसात महिन्याचं रबर कसं जातं, उन्हात उभी ठेवली की कसे तडकतात.

"आणि आतली कड?" मामीने विचारलं.

"ती तर जातेच! म्हणून मी दर महिन्याला खाली झोपून बघतो."

"डॉक्टरांना सांगितलं होतंत का, खाली झोपून बघायला?"

मेहुण्याचं हसू तोंडावरच राहिलं.

"लपवू नका," मामी म्हणाली. "म्हातारी बाई पायाला वजन बांधून पडलीय. आणि हे जावईबापू परवा लायसन्स घालवून बसणार आहेत."

तो हातातला फडका पिळत राहिला. मग खाली बसला. "भेट दिली मी. वाढदिवसाची. मागच्या दोन स्प्रिंगा माझ्याकडे होत्या, त्या बसवून दिल्या. पुढच्या नंतर घालायच्या होत्या. पण मी दहा वेळा सांगितलं होतं, अलाइनमेंट करून घ्या. ते म्हणाले, पुढच्या रविवारी."

भाऊला वाटलं, संपलं. सापडला. "आणि बुधवारी येऊन तुम्हीच त्या काढल्यात!"

"मी?" मेहुणा उठला. भिंतीवर टांगलेला, गळ्यात अडकवायचा ट्रॅकचा पास त्याने पुढे केला. त्यावर रोजच्या प्रवेशाचे शिक्के होते, सोमवार ते गुरुवार. "मी चार दिवस ट्रॅकवर होतो, इथून पाच तासांवर. गुरुवारी रात्री घरी आलो तेव्हा कळलं. माझ्याबरोबर बाराजण होते, कोणालाही विचारा."

भाऊने शिक्के मोजून पास परत दिला. सोमवारी मेहुणा हे सगळं नाकारील. गाडीत आता जुन्याच स्प्रिंगा आहेत. मशिन सरळ म्हणतं. कोण विश्वास ठेवणार?

"मग काढल्या कोणी?" तो जवळजवळ ओरडला.

मेहुणा लाल गाडीकडे बघत राहिला. "ते माझ्या तोंडून नका वदवू. माझी बहीण त्या घरात आहे."

बाहेर पडल्यावर मामीने कमरेचा रुमाल काढला आणि गाठ सोडली. आत नटाच्या आट्यांतून काढलेला इवलासा पांढरा पुंजका होता.

"हे काय आहे, ओळखता?"

भाऊने वास घेतला. दवाखान्यासारखा वास होता.

६

सोमवारचा जबाब आजींच्या खोलीत घ्यायचा, असं मामीनेच सर्वेअरला पटवलं होतं; गाडीत दुसऱ्या साक्षीदार त्याच, आणि त्यांना उठता येत नाही. अकराला पाच कमी असताना सगळे जमले. डॉक्टर खिडकीशी हाताची घडी घालून उभे राहिले. भाऊच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

"आधी माझं ऐका, मग याला विचारा," मामी सर्वेअरला म्हणाली. "तुम्ही सांगितलंत, मागची चाकं सरळ. कबूल. मग मला सांगा, सरळ चाक फक्त आतून कसं झिजतं? कितीही पळवा, झिजतं का?"

सर्वेअर विचारात पडला. "तसं... नाही झिजत."

"आणि दोन्ही टायर सारखेच. हात फिरवा, करवत लागते. म्हणजे झिजताना चाकं वाकडी होती. बसवली तेव्हा सरळ होती, ही चिठ्ठी. पंधरा दिवसांनी आजींना सीट खोल लागायला लागली, गाडीचं शेपूट गतिरोधकाला लागायला लागलं. मागे आखूड स्प्रिंगा पडल्या होत्या. कोणी बसवल्या ते बसवणाऱ्याने कबूल केलंय. प्रश्न एवढाच, अपघातानंतर परत कोणी बदलल्या."

"ही सगळी कल्पना आहे," डॉक्टर म्हणाले.

"गाडी दोन दिवस तुमच्या गॅरेजात होती."

"म्हणून? गॅरेजात ड्रायव्हरही जाऊ शकतो."

"जाऊ शकतो. पण मेकॅनिक असो की ड्रायव्हर, नट आवळायच्या आधी तो कशाने पुसतो? हाताला लागेल त्या तेलकट फडक्याने. नाहीतर पुसतच नाही. माझा फिटर तर पॅन्टला पुसतो." मामीने रुमाल खाटेवर पसरला. "चिखलाने माखलेल्या गाडीत हे नट स्पिरिटने धुतलेले होते. कापसाने. आट्यांत अडकलेला हा बघा. कुठलीही वस्तू जागेवर बसवायच्या आधी ती कापसाने कोरडी करायची, ही सवय एकाच धंद्यातल्या माणसाची, दात बसवणाऱ्याची."

सर्वेअरने पांढऱ्या पुंजक्याकडे बघितलं, मग डॉक्टरांच्या हातांकडे. हात स्वच्छ होते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मात्र पाना निसटून लागावा तसा, अजून न भरलेला ओरखडा होता.

डॉक्टरांनी हाताची घडी सोडली. मग सगळ्यांना वगळून ते आईशी बोलले.

"मी करून घेणारच होतो अलाइनमेंट. रविवार येत होते, जात होते. गाडी वळणावर इतकी छान वाटायची... मंगळवारी गाडी घरी आली, मी वाकून टायर बघितला आणि मला कळलं." त्यांचा आवाज फुटला. "विम्याचं नाही गं. तुला कळेल म्हणून. माझ्या हौसेने तुझं हाड मोडलं, हे तुला कळेल म्हणून."

"आणि म्हणून याचं लायसन्स?" आजी भाऊकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ज्याने मला रोज हात देऊन उठवलं त्याचं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"पाच महिने सांगत होते, गाडी खोल गेली. तू गोळ्या वाढवल्यास," आजी म्हणाल्या. "आता तुझी तक्रार जिथे न्यायची होती तिथे नेऊ नकोस. आणि याच्याकडे बघून बोल. मंगळवारपासून भिंतीशी बोलतोयस."

डॉक्टर वळले. भाऊकडे बघायला त्यांना वेळ लागला. "भाऊ, चूक झाली माझी. तुमच्यावर घातली मी."

भाऊने मान हलवली. सहा दिवस याच वाक्याची वाट बघितली होती. आता ते ऐकून मोकळं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

सर्वेअरने नवा कागद घेतला. "मग प्रश्नच मिटला. चालकाने गाडीची रोज तपासणी केली, चालकाचा कोणताही दोष नाही. असं लिहितो, सही करा."

"रोज तपासणी केली, पण बाहेरून," भाऊ म्हणाला.

"हो, तेच."

"तसं लिहा साहेब. बाहेरून केली. आतली कड मी एकदाही बघितली नाही. गाडी गतिरोधकाला लागत होती, आजी सांगत होत्या, तरी खाली वाकलो नाही. एकदा वाकलो असतो तर तारा दिसल्या असत्या."

मामीने त्याची बाही ओढली. "जावईबापू! सुटलात ना आता?"

"आतून बघायचं असं नियमात कुठेच नाही," सर्वेअर म्हणाला. आता तो भाऊकडे सरळ बघत होता. "हे लिहिलं तर लायसन्सवर ताकीद येऊ शकते. बावीस वर्षांत पहिली. विचार करा."

भाऊने विचार केला. आजी डोळे मिटून पडल्या होत्या, पण ऐकत होत्या, हे त्याला कळत होतं.

"लिहा," तो म्हणाला.

सर्वेअरने लिहिलं, वाचून दाखवलं, आणि भाऊने सही केली. मग त्याने पेन परत दिलं.

जिन्यात मामी त्याच्यावर करवादत होती. ताकीद आली तर काय कराल, पोरांना काय सांगाल, शहाणपणा कोणी सांगितला होता. तीन मजले उतरेपर्यंत ती थांबली नाही. खाली रस्त्यावर आल्यावर भाऊ म्हणाला, "मामी, आधी कुठंतरी जेवू या. मंगळवारपासून मी धड जेवलेलो नाही."